दुसऱ्या गटातली झांदिरा

बेलो होरिझोन्ते, १२ मार्च २०२३

दादा,

आशीर्वाद दे. आणि हे पत्र दारात खुर्ची टाकून वाचू नकोस, आत जाऊन वाच.

मला कॅन्सर झालाय. आपल्या गावात त्याला 'तो आजार' म्हणतात आणि म्हणताना लाकडाला हात लावतात. मी गेले तीन आठवडे तो शब्द रोज ऐकतेय, त्यामुळे आता जीभ अडखळत नाही. आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ आहे. वर्षभर रक्त जात होतं, मी मूळव्याध समजून अंगावर काढलं.

गाठ फार खाली असल्यामुळे ऑपरेशन केलं तर मागची वाट कायमची शिवून टाकतात आणि पोटावर पिशवी लावतात. मरेपर्यंत. दादा, मी शाळेत रोज तीनशे पोरांचं जेवण रांधते. पिशवी लावून पातेल्यापुढे उभी राहिले आणि कुणी नाक मुरडलं तर मी तिथेच संपले. मला मरणाइतकीच त्या पिशवीची भीती वाटते.

इथे एक संशोधन चाललंय. पहिल्या गटाला रेडिएशन आणि मग ऑपरेशन. दुसऱ्या गटाला रेडिएशन, मग चार महिने केमो, आणि मग तपासून बघायचं. गाठ पार विरघळली असेल तर ऑपरेशन करायचंच नाही, फक्त ठरलेल्या दिवशी तपासत राहायचं. उरली असेल तर ऑपरेशन. कोण कुठल्या गटात हे डॉक्टर ठरवत नाहीत, सोडत निघते. डॉक्टर सोलांजेबाई म्हणाल्या, दोन्ही वाटा चांगल्या दिसतात, पण कुठली जास्त चांगली हे आम्हाला अजून माहीत नाही. नको असेल तर सही करू नका, उपचार तसेही होतील.

सोडत म्हटल्यावर मी सही केली. हस तू. पण आयुष्यात एकदाच सोडतीत नाव घातलं होतं आणि सेंट जॉनच्या जत्रेतून शिलाई मशीन घेऊन घरी आले होते. रोझिलेने पोटात होती, तिचा बाप पळून गेला होता, आणि त्या मशीनवर आम्ही मायलेकी जगलो. माझा हात सोडतीला चांगला आहे. मार्लूसी सिस्टरनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि दुसरा गट निघाला.

रोझिलेने म्हणते मामाला फोन कर. मी म्हटलं, त्याला ऐकू येत नाही, आणि आलं तरी पोलीस ऐकतात म्हणून तो बोलत नाही. तेव्हा लिही.

तुझी झांदिरा

ब्रेजो सेको, २७ मार्च २०२३

झांदी,

देव तुला सांभाळो. पत्र आत जाऊन वाचलं. मग दोनदा पुन्हा वाचलं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. बटण सिस्टरनी दाबलं, पण कॉम्प्युटरचा पडदा कुणाकडे वळलेला होता? दुसरा गट निघाला हे तू डोळ्यांनी पाहिलंस की तिने सांगितलं? तुझ्या आधीच्या बाईला काय निघालं? नंतरच्या बाईला?

चौतीस वर्षं मी औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर बसून बिशूच्या जुगाराचे आकडे लिहिले. शहामृगापासून गायीपर्यंत पंचवीस जनावरं. कायद्याने बंदी, आणि न्यायाधीशाची बायको रोज मोर लावायची. सोडत म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. जिथे सोडत दिसत नाही तिथे ती झालेली नसते. जिथे दिसते तिथेही चेंडू बर्फात ठेवून थंड केलेला असतो आणि काढणाऱ्याच्या हाताला सांगून ठेवलेलं असतं. कॉम्प्युटरला तर हातसुद्धा नाही.

जरा विचार कर. सरकारी हॉस्पिटल, ऑपरेशनच्या खोल्या कमी, माणसं भरमसाट. मग अर्ध्या लोकांना सांगायचं की तुम्हाला वाट बघण्याचं बक्षीस लागलं. पैसेवाल्याला कधी वाट बघायला सांगितलेलं ऐकलंयस? पैसेवाल्याला कापतात आणि बरा करतात. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

त्या सिस्टरला इथला पेरूचा हलवा आणि चीज नेऊन दे, बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. गोड बोलून पहिल्या गटात नाव टाकायला सांग. नाही जमलं तर आपले डॉक्टर एव्हाल्दो आहेत. वीस वर्षं माझ्याकडे वाघ लावला त्यांनी. मी शब्द टाकला तर ते पुढच्या महिन्यात कापतील.

वाल्दोमिरो

बेलो होरिझोन्ते, १८ जून २०२३

दादा,

रेडिएशन संपलं, केमो चालू आहे. हे औषध विचित्र आहे. फ्रिजच्या दांड्याला हात लावला की बोटांत सुया टोचतात, थंड पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळतो. सगळं कोमट पिते. रोझिलेनेने फ्रिजला माझे जुने मोजे बांधून ठेवलेत, येणारे-जाणारे हसतात.

तुझा हलवा पोचला. नेला मी. मार्लूसी सिस्टर एका बाजूला आली तेव्हा हळूच म्हटलं, माझ्या भावाची इच्छा आहे की मला पहिल्या गटात घ्यावं. खरं सांगते, विचारताना मनात म्हणत होते, नाही म्हण, नाही म्हण. ती गोंधळली, पण हसली नाही. म्हणाली, "दोना झांदिरा, माझी आई असती तरी मला ते करता आलं नसतं. यादी इथे नाहीच. आम्ही एकेकीची माहिती पाठवतो तेव्हा उत्तर येतं. पुढची कुठल्या गटात निघणार हे मला माहीत नसतं, डॉक्टरांनाही नसतं." मग तिने सुरी मागवली, हलव्याचे तुकडे केले आणि बाकावरच्या सगळ्यांना वाटले. मला लाज वाटली, पण हलवा छान होता.

पडदा मी पाहिला का विचारतोस. नाही पाहिला.

माझ्याबरोबर दोना दिर्से नावाची बाई असायची, दूध डेअरीतली. तिला पहिला गट निघाला. मे महिन्यात ऑपरेशन झालं. पिशवी लागली. मी भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दादा, तिला बघून मी पायऱ्या उतरताना देवाचे आभार मानले आणि मग स्वतःचीच चीड आली. तेव्हापासून एक किडा डोक्यात वळवळतोय. दिर्सेची जागा माझी होती का? माझी जागा तिची? हा किडा तू सोडलायस.

एव्हाल्दोंना नाही सांग. मी सही केलीय.

झांदिरा

बेलो होरिझोन्ते, २२ ऑक्टोबर २०२३

दादा,

गाठ नाही!

डॉक्टर सोलांजेबाईंनी बोटाने तपासलं, कॅमेरा घातला, मोठ्या मशीनमध्ये झोपवलं. गाठ होती तिथे एक पांढरा व्रण आहे, बस. ऑपरेशन नाही. पिशवी नाही. मी खोलीबाहेर आले आणि रोझिलेनेच्या खांद्यावर इतकी जोरात रडले की शेजारच्या माणसाला वाटलं वाईट बातमी आहे, त्याने मला पाणी आणून दिलं. थंड होतं. तरी प्यायले.

बाईंनी हुरळून जाऊ दिलं नाही. चार बायकांपैकी साधारण एकीची गाठ परत उगवते म्हणाल्या, बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. लवकर दिसली तर बहुतेक वेळा काढून टाकता येते. म्हणून तपासणी चुकवायची नाही, तोच यातला उपचार आहे. माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. पुढची तारीख ९ जानेवारी.

सोमवारपासून शाळेत जाते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, अर्धा दिवस या. मी म्हटलं अर्ध्या दिवसात घेवडा शिजत नाही.

आता तरी खूश हो. तुझा नन्नाचा पाढा वाचायची ताकद माझ्यात नाही.

झांदिरा

ब्रेजो सेको, १० नोव्हेंबर २०२३

झांदी,

खूश व्हायचा प्रयत्न केला. दोन दिवस टिकलो.

डॉक्टर एव्हाल्दोंना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, जिथे कॅन्सर होता ती जागा पोटात तशीच ठेवणं म्हणजे साप बाहेर गेला असेल अशा आशेवर त्याच खोलीत झोपणं. मी म्हटलं, संशोधन आहे. ते म्हणाले, संशोधन दुसऱ्यांवर करतात. तुला दर दोन-अडीच महिन्यांनी बोलावतात ते तुझ्यासाठी की त्यांच्या कागदांसाठी? तू बघितलेलं नाहीस, तू विचारलेलं नाहीस, तुझा आपला एकच जप, माझा हात सोडतीला चांगला आहे.

तुझा हात चांगला नाही. मला हे लिहायचं नव्हतं. एकोणतीस वर्षं नाही सांगितलं.

शिलाई मशीन मी तुला दिलं. जत्रेची सोडत फादरनी माझ्यावर सोपवली होती, कारण आकड्यांचा माणूस मीच. तुझा नंबर सदतीस. तो चेंडू मी दुपारपासून आइस्क्रीमवाल्याच्या पेटीत ठेवला होता. काढायला फादरची छोटी भाची होती, तिला सांगितलं होतं की हाताला गार लागेल तो काढ. तू पोटुशी होतीस, तुझ्या घरात काही नव्हतं, मला दुसरं काही सुचलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझा नंबर नसता तर कुणाचा निघाला असता, देव जाणे.

आता कळलं? सोडत गरिबाला आपणहून काही देत नाही. कुणीतरी हात घातल्याशिवाय नाही. तुला मशीन मिळालं तेव्हा मी हात घातला होता. हॉस्पिटलात कुणी कुणासाठी हात घातला ते शोध, आणि एव्हाल्दोंकडे ये. मी स्टँडवर घ्यायला येतो.

वाल्दोमिरो

बेलो होरिझोन्ते, ४ मार्च २०२४

वाल्दोमिरोमामा,

मी रोझिलेने. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितेय. आयुष्यात पहिल्यांदा कागदावर पत्र लिहितेय, चुका काढू नका.

आई ९ जानेवारीला तपासणीला गेली नाही. मला खोटं सांगितलं की तारीख पुढे ढकलली. मागच्या आठवड्यात हॉस्पिटलातून फोन आला तो योगायोगाने मी घेतला. सिस्टर म्हणाल्या हा चौथा फोन. आधीचे तीन आईने उचलून 'चुकीचा नंबर' म्हणून ठेवले होते.

भांडले. तर म्हणाली, "त्यांना मी कागदासाठी हवी आहे. आणि माझा हात सोडतीला चांगला नाही, विचार तुझ्या मामाला." नाताळच्या आधी तिने शिलाई मशीन शेजारच्या बाईला देऊन टाकलं, फुकट. मी त्या मशीनच्या आवाजात वाढले मामा.

तुम्ही तिला काय लिहिलंत? तुमची नोव्हेंबरनंतरची दोन्ही पत्रं न उघडता कपाटावर पडली आहेत. हे मी तिला न सांगता टाकतेय. उत्तर लिहाल ते पाकिटावर माझं नाव घालून लिहा, मी तिला वाचून दाखवीन, ऐकायचं नसलं तरी.

रोझिलेने

ब्रेजो सेको, १२ मार्च २०२४

झांदी, कान बंद करू नकोस, ऐक.

मशीनची गोष्ट मी रचली. खोटी आहे. तू ऑपरेशन करून घ्यावंस म्हणून तुला घाबरवायला लिहिली. सदतीस नंबर आपोआप निघाला होता, चेंडू थंड नव्हता, आइस्क्रीमवाला त्या वर्षी जत्रेत आलाच नव्हता. तुझा हात चांगला आहे, होता, राहील.

तपासणीला जा. एव्हाल्दो खड्ड्यात गेले. ते कागदासाठी बोलावत असोत नाहीतर आणखी कशासाठी, तू जा. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो असं म्हणणार नाही, तुला ते खरं वाटणार नाही. पण जा.

रोझिलेने, ती उठून गेली तर दाराबाहेरून वाच.

वाल्दोमिरो

बेलो होरिझोन्ते, १४ एप्रिल २०२४

दादा,

रोझिलेनेने दाराबाहेरूनच वाचलं. मी आत पलंगावर बसले होते.

तुझी नोव्हेंबरची आणि मार्चची अशी दोन पत्रं माझ्यापुढे आहेत. एकात तू म्हणतोस मशीन मी दिलं, दुसऱ्यात म्हणतोस ते खोटं. दोन्हींत तेच अक्षर, तोच ठसका. कुठलं खरं मानू? दोन दिवस मी एक पत्र उचलायची, मग दुसरं. मग माझ्या लक्षात आलं की गेल्या वर्षभरात मला एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली ती फक्त तू. त्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आम्हाला माहीत नाही. ऑक्टोबरमध्येही गाठ गेली म्हणाल्या आणि त्याच दमात परत येऊ शकते म्हणाल्या. ज्यांना मला फसवायचं असतं त्यांनी गोड तरी बोलायचं.

मी २६ मार्चला गेले. पवित्र आठवड्यातला मंगळवार. अकरा आठवडे उशीर. मार्लूसी सिस्टर रागावली नाही. मी रागावण्याची तयारी करून गेले होते, त्यामुळे उगीचच तिच्यावर ओरडले. मग तिलाच मिठी मारली.

गाठ परत आलीय. छोटी आहे, त्या व्रणाच्या कडेला. फुप्फुसात, यकृतात काही नाही. २२ तारखेला ऑपरेशन. पिशवी लागेल, कायमची.

मी बाईंना सरळ विचारलं, जानेवारीत आले असते तर फरक पडला असता का? त्या म्हणाल्या, "कदाचित तेव्हाही दिसली असती आणि हेच ऑपरेशन झालं असतं. कदाचित तेव्हा लहान असती. मला माहीत नाही झांदिरा, आणि आता कधीच कळणार नाही." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. तू ठेवणार नाहीस. तू या उत्तरात काहीतरी शोधत बसशील, आणि शोध. तेवढी शिक्षा मला तुला द्यायचीच आहे.

ऑपरेशनला येऊ नकोस. बाकावर बसून तू प्रत्येक सिस्टरच्या हाताकडे बघत राहशील आणि मला ते आतून जाणवेल.

झांदिरा

ब्रेजो सेको, १९ एप्रिल २०२४

झांदी,

येत नाही.

चेंडू थंड होता. नोव्हेंबरचं पत्र खरं, मार्चचं खोटं. मार्चचं तू जगावीस म्हणून लिहिलं. नोव्हेंबरचंही त्यासाठीच लिहिलं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. आता वाटतं, मला एकट्याला ते वाहवत नव्हतं.

अकरा आठवडे माझे आहेत. तुझे नाहीत. रोझिलेनेला तसं सांग.

वाल्दोमिरो

बेलो होरिझोन्ते, ८ सप्टेंबर २०२४

दादा,

पाच महिने तुला लिहिलं नाही. रोझिलेने तुला कळवत होती हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही. आमच्या घरात आता कुणी कुणापासून काही लपवू शकत नाही, घर एवढंसं आणि पिशवीचा आवाज केवढा.

हो, आवाज करते. पहिला महिना मी बाथरूमच्या बाहेर पडत नव्हते. मग दोना दिर्से आली, तीच डेअरीतली, लिपस्टिक लावून. तिने कुठल्या कंपनीचा डिंक चिकटत नाही, कुठला घेवडा खायचा नाही आणि पट्टा कसा शिवायचा ते दाखवलं. पट्ट्यासाठी शेजारणीकडे जाऊन मशीन परत मागितलं. तिने लगेच दिलं, वर म्हणाली चालतच नव्हतं. माझ्या हातात चाललं. ते कसं आलं ते मला आता माहीत आहे. तरी टाका सरळ पडतो. खऱ्या सोडतीत ते दुसऱ्याच कुणा बाईचं होतं, दादा. त्या बाईसाठी मी दर रविवारी मेणबत्ती लावते, तूही लाव.

ऑगस्टपासून शाळेत जाते. पहिल्या दिवशी ताटाशी वाकले आणि पिशवी बोलली. एक पोरगी म्हणाली, काकूंना भूक लागलीय. बस, एवढंच झालं. ज्या गोष्टीला मी दीड वर्ष भ्याले ती एवढीशी निघाली. ऑपरेशनमध्ये कडा स्वच्छ आल्या, म्हणजे गाठीचं मागे काही राहिलेलं दिसलं नाही. पुढचं बाईंना माहीत नाही, म्हणजे मलाही नाही.

मागच्या आठवड्यात मार्लूसी सिस्टरला मी म्हटलं, आता माझं ऑपरेशन झालं, म्हणजे मी पहिल्या गटात गेले असेन. ती म्हणाली, नाही, तुम्ही दुसऱ्याच गटात. सोडतीत जिथे निघालात तिथेच शेवटपर्यंत मोजतात. मग तपासणी चुकवा, ऑपरेशन करून घ्या, काहीही होवो. ज्यांचं बिघडलं त्यांना गटातून उचलून बाहेर ठेवलं तर निकाल सुंदर दिसेल आणि खोटा असेल, पुढच्या बायकांना त्याचा उपयोग नाही. तिने माझा कागद दाखवला. तारीख, अकरा आठवडे उशीर, आणि कारणाचा रकाना. मार्चमध्ये मला कारण विचारलं होतं तेव्हा मी 'घरगुती' सांगितलं होतं. तेच लिहिलेलं आहे. तुझं नाव नाही.

तेव्हापासून तुझाच विचार करतेय. तू मला मशीन दिलंस, आणि तू माझे अकरा आठवडे खाल्लेस. मधे मधे मी तुला उचलून बाहेर ठेवून बघितलं, माझं आयुष्य कसं दिसतं ते. सुंदर दिसतं, आणि माझं वाटत नाही. तू भाऊ म्हणून निघालास, तेव्हा मी तुला तिथेच मोजणार.

पुढची तपासणी ५ नोव्हेंबरला सकाळी सात वाजता आहे. तू बरोबर ये.

तुझी झांदिरा